महाविद्यालयीन क्रीडावृत्ताचा ऱ्हास : यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात

मराठी वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासात यवतमाळचे स्थान गौण नाही. लोकनायक बापूजी अणे यांचे ‘लोकमत’ साप्ताहिक विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात येथूनच निघाले. जवाहरलाल दर्डा यांनी ते नाव पुढे चालविले आणि 1971 मध्ये नागपुरातून त्याचे दैनिक सुरू झाले. अशा जिल्ह्यात आज वणी, उमरखेड वा घाटंजीच्या महाविद्यालयाने खो-खोचा सामना कसा जिंकला, हे वृत्तपत्रातून समजत नाही. जिंकला एवढेच समजते, तेही क्वचित.

याचे कारण म्हणून जागेची टंचाई सांगितली जाते. ते खरे आहे, परंतु अपुरे आहे. 2008 पासून आयपीएल आणि 2014 पासून प्रो कबड्डी यांनी क्रीडापान आयते भरून दिले. कबड्डीला दूरचित्रवाणीवर प्रतिष्ठा लाभली आणि महाविद्यालयीन कबड्डी मात्र पानावरून उतरली, हा विरोधाभास नोंदविण्यासारखा आहे. 2020 च्या टाळेबंदीत स्पर्धा थांबल्या आणि वृत्तपत्रांची पानेही घटली. स्पर्धा पुन्हा सुरू झाल्या. वार्ताहर मैदानावर परतलेला दिसत नाही. सोळा तालुक्यांच्या या विस्तीर्ण जिल्ह्यात तालुका वार्ताहराकडे बातमीबरोबरच जाहिरात मिळविण्याचेही काम असते, हेही विसरता येत नाही.

खरा बदल बातमीच्या स्वरूपात झाला आहे. सामना पाहून लिहिलेल्या वृत्तान्तात कोण किती मिनिटे पळाला, कोणी किती गडी बाद केले, कोणत्या चढाईने सामना फिरला, हे येत असे. आज छापून येते ते महाविद्यालयानेच पाठविलेले प्रसिद्धिपत्रक. त्यात संस्थाध्यक्ष, प्राचार्य, शारीरिक शिक्षण संचालक यांची नावे क्रमाने येतात. खेळाडूंची नावे शेवटी, आणि जागा कमी पडली तर तीच प्रथम कापली जातात. पराभवाचे प्रसिद्धिपत्रक कोणी काढत नाही. परिणामी हरलेला संघ, त्याने दिलेली झुंज आणि प्रशिक्षणातील उणिवा सार्वजनिक नोंदीतून नाहीशा होतात. हे कात्रण पुढे नॅकच्या अहवालास जोडले जाते. वाचकासाठी असलेली बातमी अशा रीतीने फाइलसाठी तयार होऊ लागली, यात महाविद्यालयांचा वाटा वृत्तपत्रांपेक्षा कमी नाही.

भारतीय हॉकी संघापर्यंत पोहोचलेल्या यवतमाळच्या आकाश चिकटेची बातमी कोठेही होते. प्रश्न आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेपाशीच थांबणाऱ्या खेळाडूचा आहे. शासकीय सेवेत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे आणि राज्यात बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणेही उघडकीस आली आहेत. वृत्तान्त हा प्रमाणपत्राला पर्याय नव्हे. तथापि सामना झाला, अमुक खेळाडू खेळला, याची संस्थेबाहेरची दिनांकित साक्ष तो देत असे. ती साक्ष आता उरलेली नाही.

पत्रकारिता व मराठी विभागांच्या विद्यार्थ्यांकडून सामन्यांचे वृत्तान्त लिहून घ्यावेत, हा उपाय सुचविता येतो व तो करून पाहण्याजोगा आहे. मात्र आपल्याच महाविद्यालयाचा संघ सरावाअभावी हरला, असे लिहिण्याची मुभा त्या विद्यार्थ्याला प्राचार्यांकडून मिळणार आहे काय, हे आधी ठरवावे लागेल.