कच्च्या संकलनाची समीक्षा : रहस्यपटाच्या प्रारंभाचा प्रश्न

समीक्षा सामान्यतः पूर्ण झालेल्या कलाकृतीची होते. चित्रपटशिक्षणात मात्र अपूर्ण कृतीची समीक्षा हा नित्याचा व्यवहार असतो. विद्यार्थ्याने रचलेल्या रहस्यपटाच्या प्रारंभाचे कच्चे संकलन वर्गात दाखविले जाते आणि ‘वेग कमी आहे’, ‘वातावरण ठसत नाही’ असे अभिप्राय व्यक्त होतात. हे अभिप्राय परिणामाविषयी बोलतात. तो परिणाम कोणत्या रचनेतून संभवतो याविषयी मौन पाळतात. साहजिकच विद्यार्थी दृश्ये छाटतो, पार्श्वसंगीत वाढवितो आणि मूळ प्रश्न तसाच राहतो.

कच्च्या संकलनाकडे कसे पाहावे याचा वस्तुपाठ ऑर्सन वेल्सच्या ‘टच ऑफ ईव्हिल’ (१९५८) या चित्रपटाच्या इतिहासात सापडतो. या चित्रपटाच्या संकलनाची सूत्रे स्टुडिओने वेल्सच्या हातून काढून घेतली होती. स्टुडिओने सिद्ध केलेले रूप पाहून त्याने डिसेंबर १९५७ मध्ये ५८ पृष्ठांचे एक टिपण लिहिले. हे टिपण म्हणजे अपूर्ण संहितेची समीक्षाच होय.

चित्रपटाचा प्रारंभ तीन मिनिटांहून अधिक काळ चालणाऱ्या एकाच अखंड चित्रणाने होतो. एक हात कालबाँबची वेळ लावतो. बाँब मोटारीच्या डिकीत ठेवला जातो. अमेरिका-मेक्सिको सीमेवरील गावातून मोटार निघते. तिच्या मागेपुढे नवविवाहित व्हार्गास आणि सुझन पायी चालत असतात. बाँब कोणी ठेवला हे प्रेक्षकाला ठाऊक नसते. तो फुटणार हे मात्र ठाऊक असते. रोलाँ बार्थच्या परिभाषेत सांगावयाचे तर येथे कूटाचा संकेत आणि कृतीचा संकेत एकाच वेळी कार्यान्वित होतात. ‘रहस्यपट’ या मराठी संज्ञेत पहिला संकेत सूचित होतो, दुसरा झाकला जातो. वस्तुतः या प्रारंभातील ताण प्रेक्षकाच्या ज्ञानातून आणि पात्रांच्या अज्ञानातून उद्भवतो.

१९५८ च्या प्रदर्शित रूपात या चित्रणावर श्रेयनामावली आणि हेन्री मॅन्सिनीचे संगीत होते. ते संगीत प्रभावी आहे. परंतु ते प्रेक्षकाला चित्रपटाची जातकुळी सांगते आणि गावाचा आवाज बुजवते. वेल्सला तेथे रस्त्यावरील नाइट-क्लबांच्या ध्वनिक्षेपकांतून येणारे, एकमेकांत मिसळणारे संगीत हवे होते. त्याच्या टिपणाच्या आधारे वॉल्टर मर्च याने १९९८ मध्ये केलेल्या पुनर्संकलनात नामावली आणि मॅन्सिनीचे संगीत दूर झाले. आता मोटार चौकटीबाहेर गेली तरी तिच्या रेडिओच्या सुरावरून ती जवळ आली की दूर गेली हे कळते. ध्वनी येथे निवेदकाचे कार्य करतो. एकही दृश्य न कापता प्रारंभाचा अर्थ बदलतो.

या उदाहरणाची मर्यादाही ध्यानात घ्यावयास हवी. वेल्सचे १९८५ मध्ये निधन झाले होते. त्यामुळे १९९८ चे रूप त्याने स्वतः केलेले संकलन नव्हे. ते त्याच्या युक्तिवादाचे इतरांनी केलेले अर्थनिर्णयन आहे. चाळीस वर्षे प्रेक्षकांनी अनुभवलेले रूप त्यामुळे रद्दही होत नाही.

तथापि, टिपणाची पद्धती मोलाची ठरते. वेल्सच्या हाती अधिकार उरला नव्हता. म्हणून त्याला कारणे द्यावी लागली. वर्गातील स्थिती नेमकी उलट असते. तेथे अभिप्राय देणाऱ्याच्या हाती अधिकार असतो, म्हणून कारणे न देताही त्याचे भागते. प्रेक्षकाला कोणत्या क्षणी काय ठाऊक आहे, पात्राला काय ठाऊक नाही, आणि ही तफावत दृश्य वाहते की ध्वनी, हे प्रश्न आधी विचारले गेले तर ‘वेग’ या शब्दाला निश्चित अर्थ प्राप्त होईल. पूर्ण कृतीची समीक्षा चुकली तरी कृती शिल्लक राहते. कच्च्या संकलनाच्या बाबतीत तशी हमी नसते. तेथे चुकीचा अभिप्राय कृतीतच शिरतो.