खवीस कुठल्या बोळात राहतो?

नारायण पेठेत मुंजाबाचा बोळ आहे. परीक्षेच्या अभ्यासासाठी मी पुण्यात आलो, तेव्हा त्या बाजूला कॉट बेसिसवर जागा शोधत फिरत होतो. एका घरी म्हाताऱ्या मालकानं गाव विचारलं, शिक्षण विचारलं, मेस लावणार का ते विचारलं. मग आडनाव. सांगितलं. 'कॉट कालच गेली हो,' म्हणाले. 'कॉट मिळेल' ही पाटी दारावर तशीच लटकत होती. खाली उतरलो आणि बोळाचं नाव पुन्हा एकदा वाचलं. बामणाच्या मेलेल्या पोराच्या नावानं आख्खा बोळ आहे आणि जित्या माणसाला साडेतीन फुटांची खाट नाही.

म्हणून आदित्य सरपोतदारचा 'मुंज्या' हा हिंदी सिनेमा ७ जून २०२४ ला लागला, तेव्हा मुद्दाम गेलो. दोस्त म्हणाला, "आपण बुद्धाची माणसं. भूतच नाही, तर परीक्षण कसलं लिहितोस?" बरोबर आहे. भूत नाही. पण भुताची गोष्ट आहे, आणि त्या गोष्टीला जात आहे.

गोष्ट अशी. १९५२ सालचं कोकण. गोट्या नावाचं पोरगं, वयानं मोठ्या मुन्नीवर त्याचा जीव. त्याचं डोकं भादरलं जातं, तिकडं मुन्नीचं लग्न. पोरगं रात्री चेटुकवाडीच्या झाडाखाली अघोरी विधी करायला जातं, बळी द्यायला सख्ख्या बहिणीला घेऊन. आणि मरतं स्वतःच. मग आजचं पुणं. बिट्टू नावाचा भित्रा पोरगा. त्याची आजी म्हणजे तीच वाचलेली बहीण. मुंज्या बिट्टूच्या मानगुटीवर बसतो : मला मुन्नी आणून दे.

सिनेमात मोठा हिरो नाही. हिंदीच्या हिशेबानं खिसा हलकाच, तरी गल्ला शंभर कोटींच्या वर गेला. जुन्या भूतपटांचं ऋण तो लपवत नाही. बिट्टूच्या दोस्ताचं नावच स्पीलबर्ग. भूत उतरवायला सत्यराजचा पाद्री येतो. मुंज्या आख्खा संगणकावर रचलेला, पण त्याचं खिदळणं, त्याचा पोरकट दुष्टपणा पाहिला की तात्या विंचू आठवतोच. सुरुवातीची कोकणातली रात्र खरंच अंगावर येते. पोरगं बहिणीला झाडाखाली नेतं ते कसं, तर बकरी न्यावी तसं. तिथं दिग्दर्शकानं एक खरी गोष्ट पकडलीय. ज्याला लहानपणापासून तू मोठा, तू पवित्र असं सांगितलं जातं, त्याला घरची पोरगीसुद्धा साहित्यात जमा वाटते. सुहास जोशींची आजी तर ती रात्र चेहऱ्यावर वागवते. नंतर मात्र दंगाच फार. हसवायचं की घाबरवायचं हे ठरत नाही, आणि ती बहीणही सिनेमाच्या हातून निसटते.

आता मुद्द्याचं. मुंजा कोण? मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत मेला तो. म्हणजे ज्याची मुंजच होत नाही त्याला मुंजा होता येत नाही. आपल्या गावांत भुतांचंही गावकुसू आहे. बामण मेला की ब्रह्मसमंध. त्याचा पोरगा मुंजा, मुक्काम पिंपळावर, त्याला पार बांधायचा, नैवेद्य दाखवायचा. आणि खवीस? कुठं महार-मांगाच्या भुताला खवीस म्हणतात, कुठं मुसलमानाच्या. त्याला पार नाही. त्याला मिरच्यांची धुरी आणि वहाणेचा मार. मेल्यावर तरी सगळे सारखे, असं कीर्तनात ऐकलं होतं. च्यायला, तेही खोटं.

सिनेमा याला हात लावत नाही. शेंडी दिसते, विधी दिसतो, पण हे कुणाच्या घरात होतं आणि कुणाच्या घरात होत नाही, हे कुणी विचारत नाही. जात काढून फक्त भीती विकायला ठेवली. मुंज्याची इच्छा अपुरी राहिली म्हणून दोन तासांचा सिनेमा. आमच्या आज्यांच्या अपुऱ्या इच्छा कुणी मोजल्या?

'झपाटलेला' आठवा, १९९३ चा, महेश कोठारेंचा. अमेरिकन 'चाइल्ड्स प्ले'वरून घेतलेला आणि मराठी बजेटात बसवलेला. रामदास पाध्येंचा बाहुला, दिलीप प्रभावळकरांचा तात्या विंचू. मी तो लहानपणी वस्तीत व्हिडिओवर पाहिला आणि आठवडाभर एकटा बाहेर गेलो नाही. त्यात तात्याचा एक साथीदार गुंड आहे. नाव काय? कुबड्या खवीस. कोठारेंनी जाणूनबुजून केलं असं मी म्हणत नाही. मनात खोल रुतलेलं असतं, तेच नाव ठेवताना वर येतं. तात्या मंत्र शिकून बाहुल्यात शिरला आणि पोरांचा लाडका झाला. खवीस साथीदाराचा साथीदारच.

आणि हे नुसतं पडद्यावरचं नाही. १९७२ साली रामसे बंधूंचा 'दो गज जमीन के नीचे' आला. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. आणि त्याच साली परभणी जिल्ह्यात मानवतला बाया-पोरींचे खून सुरू झाले, ते १९७४ पर्यंत चालले. पिंपळावरच्या मुंजाला रक्त द्यायचं, म्हणजे गुप्तधन सापडेल, कूस उजवेल, अशी हकीकत खटल्यात आली. माझं गाव त्याच जिल्ह्यातलं. आजी सांगायची, तेव्हा वस्तीतली एक पोर सरपणाला एकटी जात नव्हती. नरबळीविरुद्धचा कायदा आला तो २०१३ साली, तोही २० ऑगस्टला डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्यावर. तो महर्षी शिंदे पूल नारायण पेठेतून चालत गेलं तरी जवळ आहे. टॉकीजात मुंज्याला हसताना मला हे सगळं आठवत होतं. शेजारची पोरं शिट्ट्या मारत होती. मीही दोनदा हसलो, खोटं कशाला सांगू.

दोस्तांनो, सिनेमा बघाच, तिकीट वाया जाणार नाही. आणि एक काम करा. गावी गेलात की वस्तीतल्या म्हाताऱ्यांना खवीसाच्या गोष्टी विचारा. तो कुठं राहायचा, कुणाला धरायचा, कशानं मेला होता. जशा सांगतील तशा त्यांच्याच बोलीत उतरवून आणा. स्टेन्सिल कापायचं काम माझ्याकडं.