सत्याला आठ, थापेला चौदा

नाटकाचे परीक्षण होते, पुस्तकाचे होते, हल्ली मिसळीचेही होते. बैठ्या खेळाचे मात्र कोणी करीत नाही. ती उणीव आज भरून काढायचे मी योजिले आहे. खेळाचे नाव स्क्रॅबल. अधिकार विचाराल तर गेली काही वर्षे मी तो भाचीबरोबर नियमित खेळतो आणि नियमित हरतो. टीकाकाराला याहून मोठी पात्रता लागते असे मला वाटत नाही.

ज्यांच्या घरात अजून हा खेळ शिरला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पिशवीत हात घालून सात सोंगट्या काढायच्या. प्रत्येक सोंगटीवर एक इंग्रजी अक्षर आणि कोपऱ्यात बारीक आकड्यात त्याची किंमत. त्या अक्षरांतून शब्द शोधायचा आणि पंधरा बाय पंधरा घरांच्या पटावर मांडायचा. सातही अक्षरे एका दमात संपली तर ५० गुण बक्षीस.

खेळाचा जनक आल्फ्रेड बट्स हा अमेरिकन आर्किटेक्ट. १९३०च्या सुमाराच्या मंदीत त्याची नोकरी गेली. नोकरी गेलेला माणूस वर्तमानपत्रात 'पाहिजेत'च्या जाहिराती बघतो. या गृहस्थाने 'न्यूयॉर्क टाइम्स'चे पहिले पान समोर घेऊन त्यात कोणते अक्षर किती वेळा येते ते मोजले! म्हणून ई बारा, ए नऊ, आणि क्यू, झेड एकेकच. एस मात्र मुद्दाम चारच ठेवले, नाहीतर जो तो शेवटी एस चिकटवून अनेकवचनावर पोट भरता. १९४८ साली जेम्स ब्रुनो याने खेळाला स्क्रॅबल हे नाव दिले. इथवर माझी तक्रार नाही.

तक्रार आहे ती किमतीबद्दल. 'मदर' या शब्दाला ११ गुण आणि 'झू'ला १२. म्हणजे आईपेक्षा प्राणिसंग्रहालय थोर! 'ट्रूथ'ला ८, तर 'होक्स'ला १४. सत्याला आठ आणि थापेला चौदा हा भाव बाजारात चालू असतो हे आपल्याला ठाऊक असते, पण तो असा पुठ्ठ्यावर छापून मुलांच्या हाती द्यावा का?

दुसरी तक्रार शब्दकोशाबद्दल. एकदा भाचीने ए आणि आय अशा दोनच सोंगट्या मांडल्या.

"हा कुठला शब्द?" मी.

"आ-ई," ती म्हणाली. "दक्षिण अमेरिकेतला प्राणी आहे, मामा. तीन बोटांचा. अतिशय आळशी. दिवसभर झाडाला लटकतो."

माझी आई पहाटे पाचला उठून बंब पेटवायची. मी काही बोललो नाही. पण शब्दकोश उघडला तर खरेच होते. त्या कोशात रोटी आहे, पुरी आहे, बंद आहे आणि घेरावसुद्धा आहे. मग चीनमधली प्राणशक्ती 'क्यू-आय' का नसावी? 'यू' नसताना क्यू आला की बुडत्याला तीच तारते.

"याचा अर्थ काय?" असे मी दर खेळीला विचारीत असे. शेवटी भाची कंटाळली. "अरे मामा, अर्थ कशाला हवा? चालतो की नाही तेवढं बघ!" आणि तिने मला न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सची गोष्ट सांगितली. या माणसाने २०१५ साली फ्रेंच स्क्रॅबलचे जगज्जेतेपद मिळवले. फ्रेंच बोलता येत नव्हते. कोश पाठ केला, बस्स. २०२४ साली स्पॅनिशमध्येही तेच केले. अर्थाशिवाय पाठांतर करून पहिला नंबर! आमच्या शाळेत असे दरवर्षी एक-दोन निघत, पण त्यांची कोणी जागतिक दखल घेतली नाही.

शोधण्याच्या काही युक्त्याही तिने शिकवल्या. आयएनजी, ईडी, ईआर जमले की बाजूला काढून ठेवायचे. सोंगट्या सारख्या हलवत राहायच्या. आणि 'सॅटायर'ची सहा अक्षरे हातात आली तर ती मोडायची नाहीत, सातव्याची वाट पाहायची. डी आला तर 'टायरेड्स', एन आला तर 'नॅस्टियर'. उपरोधात एकच अक्षर मिसळले की शिव्यांची लाखोली होते किंवा माणूस आणखी दुष्ट होतो, हे विनोदी लेखकाने ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

एवढे दोष दाखवल्यावर एक गुण मात्र कबूल करायला हवा. त्यासाठी जुनी गोष्ट सांगावी लागेल.

आमचे इंग्रजी पाचवीत सुरू झाले आणि ते कानाने नव्हे, डोळ्याने आले. मराठीत लिहितो तसे वाचतो, म्हणून इंग्रजीही आम्ही तसेच वाचले. स्पेलिंग पाठ करायला 'वेड-नेस-डे' म्हणायचे, 'क-नाइफ' म्हणायचे. पुढे मुंबईत एका कचेरीत मुलाखतीला गेलो. दारावर पाटी होती, रांग लावा अशी. मी शिपायाला विचारले, "हे क्वेउए कुठं आहे?" बाकावर बसलेले सगळे टायवाले हसले. नोकरी मिळाली नाही. ती बहुधा गणितामुळे गेली असेल, पण त्यानंतर चाळीस वर्षे मी तो शब्द उच्चारला नाही. 'लाइन' म्हणून वेळ मारून नेली.

परवा डावाची सुरुवात माझी होती. हातात आले क्यू, यू, यू, ई, ई, आय आणि व्ही. भाचीने डोकावून पाहिले आणि म्हणाली, "बदलून घे, मामा. यात काही नाही." तिचे सगळे शिक्षण इंग्रजी माध्यमातले. तिच्या लेखी तो शब्द म्हणजे नुसता 'क्यू', एक आवाज. त्यात पाच अक्षरे लपली आहेत हे तिच्या कानाला कुठून कळणार? माझ्या डोक्यात मात्र ती पाचही एका रांगेत, पाटीखाली उभी होती.

मी एकेक सोंगटी मांडली. मूळ किंमत १४. क्यू दुप्पट अक्षराच्या घरात गेला, पहिला शब्द म्हणून सगळ्याची पुन्हा दुप्पट. ४८!

"मामा, तुला हे दिसलं कसं?"

मग मी तिला कचेरीची गोष्ट सांगितली. ती हसली नाही. थोडा वेळ पटाकडे बघत राहिली.

हा खेळ अर्थाच्या बाबतीत अन्याय करतो, हे माझे मत कायम आहे. पण उच्चार विचारीत नाही, इतका सज्जनपणा इंग्रजीशी संबंधित दुसऱ्या कुठल्याही ठिकाणी मला आढळलेला नाही. हा डावही शेवटी मी हरलोच. पण भाची हल्ली स्पेलिंग अडले की 'क्वेउए' म्हणते. सोपे पडते म्हणे.