मालेगावचा सुपरमॅन आणि मूळ कथेशी इमान

कॉमिकमधल्या नायकावर चित्रपट आला की पहिला वाद बहुधा पोशाखावरून पेटतो. २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'मध्ये सुपरमॅनची लाल चड्डी गेली तेव्हा चाहते चिडले, २०२५ च्या 'सुपरमॅन'मध्ये ती परत आली तेव्हा सुखावले. पोशाखानंतर प्रसंगांची पाळी येते. अमुक पात्र गाळले, तमुकाचा शेवट बदलला, हे मूळ अंकात असे नव्हतेच. नाशिकमध्येही नव्या चित्रपटाच्या आठवड्यात महाविद्यालयाच्या कट्ट्यावर हेच बोलले जाते, आणि बोलणाऱ्यांना मूळ अंकांची खडान्खडा माहिती असते. या वादाला पोरकट म्हणून झटकणे चूक आहे. एखाद्या कलाकृतीवर प्रेम करणारी माणसे तिच्या रूपांतराकडे इमानाची मागणी करतात, तेव्हा ती समीक्षेचेच काम करत असतात. माझी तक्रार एवढीच की हे इमान मोजताना माप चुकते. ते कापडावर आणि घटनांच्या यादीवर लावले जाते. नायकाची ताकद कोणाच्या कामी येते आणि तो स्वतःला कोणत्या बंधनात ठेवतो, हे मोजायचे राहून जाते. हे दाखवायला सगळ्यात चांगले उदाहरण अमेरिकेतले नाही. ते नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावचे आहे.

मालेगाव हे यंत्रमागांचे गाव. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी स्थानिक मित्रांना घेऊन आधी 'मालेगाव के शोले' काढला आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'. सुपरमॅन झाले शफिक शेख, यंत्रमागावर काम करणारे, अंगाने अगदी काटकुळे. छातीवर ठसठशीत 'एस', निळे अंग, लाल चड्डी आणि तिच्यातून बाहेर लोंबणारा नाडा. हा सुपरमॅन उडतो तो हिरव्या पडद्याच्या जोरावर. त्याला दमा आहे, कारण मालेगावच्या धुळीची हवा त्याच्याही छातीत जाते. त्याचे शत्रू परग्रहावरचे नाहीत. गावातली घाण आणि तंबाखूचे व्यसन हेच शत्रू. फैजा अहमद खान यांच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटामुळे ही निर्मिती जगाला कळली. शफिक कर्करोगाने गेले. २०२५ मध्ये रीमा कागती यांचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' आला आणि ही माणसे हिंदी चित्रपटाच्या मोठ्या पडद्यावर पात्रे म्हणून दिसली.

घटनांच्या यादीने मोजले तर मालेगावच्या चित्रपटाला शून्य गुण मिळतील. पण आता मूळ अंक उघडून पाहू. जेरी सीगल आणि जो शूस्टर ही क्लीव्हलँडची दोन ज्यू मुले. मंदीच्या काळात त्यांनी सुपरमॅन रचला आणि १९३८ मध्ये त्याचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले. त्या वर्षीच्या 'ॲक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकात हा नायक बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो, फाशीच्या दारातून एका निरपराध बाईला सोडवतो आणि सेनेटरला विकत घेऊ पाहणाऱ्या दलालामागे लागतो. तिसऱ्या अंकात तो खाणमालकाला त्याच्याच असुरक्षित खाणीत अडकवतो, कामगार कशात जगतात ते कळावे म्हणून. आठव्या अंकात तो मोडकळीला आलेली गलिच्छ वस्ती पाडून टाकतो, कारण ती पडली तरच सरकार तिथे नवी घरे बांधील. त्याचे शत्रू घरभाडे, धोक्याची मजुरी आणि विकाऊ राजकारण. कोणत्याही गरीब मोहल्ल्यातल्या माणसाच्या आयुष्यात रोज भेटणाऱ्या गोष्टी. शेख नासिर यांच्यापुढे हे जुने अंक असतील असे मी मानत नाही. तरीही हातात पैसा नसलेल्या माणसांनी आपल्या वस्तीसाठी बलवान माणूस कल्पायचा म्हटले की तो कसा होतो, ते क्लीव्हलँडमध्ये दिसले तसेच मालेगावातही दिसले. 'मॅन ऑफ स्टील'मध्ये सुपरमॅन आणि खलनायक झॉड यांच्या झुंजीत मेट्रोपोलिसचे मनोरे कोसळत राहतात आणि खालच्या माणसांकडे कॅमेऱ्याचे फारसे लक्ष जात नाही. सुपरमॅनने झॉडची मान मोडली म्हणून चाहते संतापले. मला त्याआधीची ती बेफिकिरी जास्त मोठी चूक वाटते.

यावर कोणी म्हणेल, मालेगावचा चित्रपट ही गमतीची नक्कल आहे, त्याला रूपांतराच्या पंगतीत बसवू नका. तो लोकांना हसवतो हे खरे. पण विनोद आणि इमान यांचे वैर नाही, आणि आपल्याकडे तर ते कधीच नव्हते. दादासाहेब फाळक्यांचा १९१९ चा 'कालिया मर्दन' पाहा. हा त्यांच्या नाशिकच्या काळातला चित्रपट. त्र्यंबकेश्वरी १८७० मध्ये जन्मलेले फाळके 'राजा हरिश्चंद्र'नंतर नाशिकला आले आणि इथेच त्यांनी पौराणिक चित्रपटांची मालिका उभी केली. आजच्या भाषेत बोलायचे तर भारतातले पहिले महाबली नायकांचे चित्रपट नाशिकमध्ये तयार झाले. 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. चित्रपट सुरू होतो तो तिच्या चेहऱ्यावरचे वेगवेगळे भाव दाखवत. ही एक मुलगी आहे, आता ती कृष्ण होणार आहे, हे फाळके प्रेक्षकाला आधीच सांगून टाकतात. पुढे बाळकृष्णाच्या खोड्या येतात. रात्री झोपलेल्या नवराबायकोची दाढी आणि केस एकमेकांना बांधण्याइतक्या खट्याळ, गावगोष्टींच्या वळणाच्या. आणि मग यमुनेत उडी. कालियाशी झुंज चालू असताना फाळके पुन्हा पुन्हा काठावरच्या लोकांकडे वळतात, घाबरलेल्या, हात जोडलेल्या. देवाची ताकद मोजायची ती काठावरच्या माणसांच्या जिवाच्या घालमेलीने, हे त्यांना उमगले होते. शंभर वर्षांनंतर कोट्यवधी डॉलर खर्चून केलेल्या कित्येक झुंजींत हा काठच नसतो.

मग मूळ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न येतोच, आणि नाशिककराने तर तो टाळू नये. या शहराचे नावच लोक शूर्पणखेच्या कापलेल्या नाकाशी जोडतात. पंचवटीत सीतागुंफा आहे आणि सीताहरणाची कथा इथला प्रत्येक मुलगा लक्ष्मणरेषेसकट ऐकतो. पण वाल्मीकींच्या अरण्यकांडात ती रेषा नाही. ती नंतरच्या सांगणाऱ्यांनी ओढली, आणि इतकी चपखल ओढली की आज तिच्याशिवाय प्रसंग अपुरा वाटतो. सुपरमॅनच्या बाबतीत अगदी हेच घडले. आरंभीच्या अंकांत तो उडत नसे, लांब उड्या मारत असे. आकाशात झेपावायला तो शिकला १९४० च्या दशकात, रेडिओ मालिका आणि ॲनिमेशनपट यांच्या काळात. त्याला दुबळे करणारा क्रिप्टोनाइट १९४३ मध्ये रेडिओवर आधी आला आणि कॉमिकमध्ये १९४९ मध्ये पोचला. संपादक पेरी व्हाइटही रेडिओवरच जन्मला. ज्याला आज चाहता 'मूळ' म्हणतो त्याचा मोठा भाग रूपांतरांनी मूळच्या पदरात घातलेला आहे. म्हणून 'अंकात नव्हते' हा आक्षेप एकट्याने पुरेसा ठरत नाही. नवी गोष्ट आली तर तिने पात्राला काय दिले, ते विचारावे लागते. लक्ष्मणरेषेने सीतेच्या पुढच्या एका पावलाला वजन दिले. क्रिप्टोनाइटने अजिंक्य माणसाला भय दिले.

इथे सगळ्यात वजनदार आक्षेप उभा राहतो. असे असेल तर कोणीही काहीही बदलील आणि 'आत्मा जपला' म्हणून मोकळा होईल. आत्मा कुठे आहे हे ठरवणार कोण? शिवाय वर मी १९३८ च्या अंकांची साक्ष काढली. मग १९३९ च्या बॅटमॅनची का काढू नये? तो तर पिस्तूल बाळगत असे आणि जीवही घेत असे, आणि २०१६ च्या 'बॅटमॅन विरुद्ध सुपरमॅन'मधल्या खुनशी बॅटमॅनचे समर्थक त्याकडेच बोट दाखवतात. आक्षेप रास्त आहे. माझे उत्तर असे की सर्वांत जुने म्हणून काही आपोआप प्रमाण ठरत नाही. वेगवेगळ्या लेखक-चित्रकारांनी दशकानुदशके काय टिकवले आणि काय टाकले, ही खरी कसोटी. बॅटमॅनचे पिस्तूल पहिल्या एक-दोन वर्षांतच टाकले गेले आणि न मारण्याचा नियम त्याच्या अंगी मुरला, इतका की जोकरसारखा खलनायक त्या नियमावरच जगतो. सुपरमॅनचे दुबळ्याच्या बाजूने उभे राहणे मात्र पहिल्या अंकापासून सुटले नाही, त्याचे रूप बदलत गेले तरी. लोकपरंपरेत कथा जशी अनेक तोंडांतून गाळून निघते तशी ही गाळणी आहे, आणि ती कोणा एका दिग्दर्शकाच्या लहरीपेक्षा विश्वासाची आहे. २०२५ च्या चित्रपटात सुपरमॅनला जन्मदात्यांचा निरोप मिळतो तो पृथ्वीवर राज्य करण्याचा. यावर बरेच चाहते रागावले, कारण आजवर त्या आईबापांना असे रंगवण्याची रीत नव्हती. मला हा बदल पचतो, कारण त्यानंतर भले वागणे ही वारशाने आलेली गोष्ट उरत नाही, ती पालक आईबापांच्या कॅन्ससमधल्या शेतावर शिकलेली आणि स्वतः निवडलेली गोष्ट होते. जपलेला धागा त्या बदलाने घट्ट झाला.

स्पायडरमॅनवरून हे आणखी स्वच्छ दिसते. १९६२ च्या कथेत पीटर पार्कर जाळे फेकणारे यंत्र स्वतः बनवतो. सॅम रायमी यांनी २००२ मध्ये ते जाळे त्याच्या मनगटातूनच काढले आणि चाहत्यांनी गदारोळ केला. त्यात तथ्य होते. गरीब पोराच्या डोक्याची करामत त्यामुळे गेली. पण रायमींच्या पीटरला घरभाडे थकल्याची धास्ती आहे, पिझ्झा वेळेत पोचवायचा आहे, आणि दर वेळी कोणाला तरी वाचवताना त्याचे स्वतःचे काही तरी हातचे जाते. पुढच्या चित्रपटांत यंत्र परत आले, चाहते खूश झाले. मार्व्हलच्या नव्या मालिकेत पोशाख मात्र टोनी स्टार्क या अब्जाधीशाने दिला. भाड्याच्या चिंतेच्या जागी श्रीमंत पालक आला, आणि यादीत न बसणारे हे नुकसान कितीतरी मोठे होते. २०२१ च्या 'नो वे होम'च्या शेवटी पीटर एका भाड्याच्या खोलीत एकटा बसून स्वतःचा पोशाख स्वतः शिवतो. मालिकेने आपली चूक तिथे दुरुस्त केली असे मला वाटते. 'वॉचमेन'चे उलट झाले. झॅक स्नायडर यांनी २००९ मध्ये ॲलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांच्या चौकटी जवळजवळ जशाच्या तशा पडद्यावर मांडल्या. वाद झाला तो शेवटातला अजस्र जलचर गाळल्यावर. तो गाळल्याने काही बिघडले नाही. बिघडले ते असे की कॉमिकमधली थकलेली, पोट सुटलेली, केविलवाणी माणसे पडद्यावर देखणी झाली आणि त्यांची मारामारी संथ गतीत शोभिवंत दिसू लागली. चौकट तीच राहिली आणि कॉमिकचा निवाडा मात्र फिरला.

मराठीत हा प्रश्न 'फास्टर फेणे'ने विचारला. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे हा फुरसुंगीचा शाळकरी पोरगा, सायकल, चपळ डोके आणि तोंडातला तो 'टॉक'. २०१७ च्या चित्रपटात आदित्य सरपोतदार यांनी त्याला वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या वयाचा तरुण केला, अमेय वाघ यांनी तो उत्साहाने उभा केला, आणि खुद्द भागवत दिलीप प्रभावळकरांच्या रूपात कथेत आले. परीक्षेतल्या घोटाळ्याचा विषय आजचा आणि नेमका होता. पण बनेशची ताकद त्याच्या वयात होती. मोठ्यांच्या जगात कोणी लक्ष देत नाही अशा उंचीवरून तो पाहतो म्हणून त्याला दिसते. तरुण शोधकर्ता आपल्याला पुष्कळ भेटतात. इथे वाचकांची तक्रार बालपणाच्या आठवणीची हळहळ नव्हती, ती पात्राच्या गाभ्याबद्दल होती, आणि बरोबर होती.

चाहत्यांच्या आग्रहाचे आणखी एक मोल आहे, ते विसरून चालणार नाही. १३० डॉलरला हक्क गेल्यावर सीगल आणि शूस्टर यांच्या हाती त्यांच्या पात्राचे काहीही उरले नाही. कंपनी मालक झाली, आणि आजही पात्राचे पुढे काय करायचे हे तीच ठरवते. अशा वेळी निर्मात्याने पात्रात काय ठेवले होते याची आठवण देणारे वाचकच असतात. त्यांनी ती आठवण चड्डीच्या रंगावर खर्च करू नये. सुपरमॅन कोणाच्या बाजूला उभा आहे, पीटरला भाडे भरावे लागते का, बनेश कोणत्या उंचीवरून पाहतो, हे प्रश्न त्यांनी चित्रपटगृहातून बाहेर पडताना विचारावेत.

या वादासाठी मूळ कलाकृती हाताशी असाव्या लागतात. फाळक्यांनी नव्वदहून अधिक चित्रपट केले. त्यांतले फारच थोडे आज पाहायला मिळतात, आणि तेही बहुतेक तुकड्यांत. मालेगावचे चित्रपट व्हिडिओवर काढलेले आहेत, आणि व्हिडिओची फीत वर्षागणिक खराब होते. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने आणि नाशिकच्या सांस्कृतिक संस्थांनी नासिर आणि त्यांच्या मित्रांच्या सगळ्या चित्रपटांच्या चांगल्या प्रती आताच करून घ्याव्यात, ते करणारी माणसे माहिती सांगायला आपल्यात आहेत तोवर.