इंग्रजी वृत्तिदर्शक साहाय्यक क्रियापदे आणि ‘पाहिजे’ची अपुरी सोय

इंग्रजी व्याकरणाच्या प्रचलित तक्त्यांत ‘मस्ट’ व ‘शुड’ या दोहोंपुढे ‘पाहिजे’ हा एकच प्रतिशब्द आढळतो. जालना एमआयडीसीतील पोलाद कारखान्यांत नोकरी शोधणाऱ्या विद्यार्थ्याला तो पुरत नाही. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम १०८ ने कायद्यानुसार लावावयाच्या सूचना इंग्रजीत व बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत असाव्यात, असे बंधन घातले होते; अशा फलकावर सक्ती आणि सल्ला यांची सरमिसळ परवडणारी नाही.

खरी अडचण नकारात उद्भवते. ‘मस्ट नॉट’ म्हणजे मनाई, ‘नीड नॉट’ म्हणजे गरज नसणे. ‘हेल्मेट काढायला नको’ या वाक्यात मात्र दोन्ही अर्थ संभवतात. वस्तुतः मराठी येथे दरिद्री नाही. ‘काढू नये’ हा उपदेश, ‘काढता कामा नये’ ही सक्त मनाई. ‘घातले पाहिजे’पेक्षा ‘घातलेच पाहिजे’ कठोर. एवढा ‘च’ देखील तक्तेकारांना सुचू नये, हे खटकते.

‘मे’ची गत निराळी नाही. ‘यंत्र अचानक सुरू होऊ शकते’ यात धोका आहे, ‘आपण जाऊ शकता’ यात परवानगी. तक्ता मात्र ‘शकणे’ एवढेच सांगून मोकळा होतो.