दोरीने ओढून मिळालेला वेग नक्की कोणाचा?

धावपटूच्या कमरेला रबरी दोरी बांधायची आणि तिच्या ओढीने त्याला स्वतःच्या कमाल वेगापेक्षाही जोरात पळवायचं, किंवा हलक्या उतारावरून पळवायचं. याला ‘ओव्हरस्पीड ट्रेनिंग’ म्हणतात. दावा असा की पाय एकदा जास्त भरभर फिरले की मेंदू आणि नसांना त्याची सवय होते. मग दोरी सोडली तरी वेग राहतो.

ऐकायला पटतं ना? आता जरा हिशेब करू. वेग म्हणजे पावलाची लांबी गुणिले सेकंदाला पडणारी पावलं. २ मीटरचं पाऊल, सेकंदाला ४.५ पावलं, म्हणजे सेकंदाला ९ मीटर. ओढ लावल्यावर वाढते ती मुख्यतः पावलाची लांबी, कारण पाय हवेत असताना दोरी शरीराला पुढे नेते. मग ‘पाय भरभर फिरायला शिकतात’ याला आधार काय उरला?

पीटर वेयंड आणि सहकाऱ्यांनी २००० साली ३३ धावपटूंचा कमाल वेग ट्रेडमिलवर मोजला. वेगवान काय नि संथ काय, पाय मागून पुढे आणायला सगळ्यांना जवळपास सारखाच वेळ लागत होता. फरक होता जमिनीवर दिलेल्या जोरात. सेकंदाला ११.१ मीटर धावणारा, ६.२ मीटरवाल्याच्या तुलनेत, वजनाच्या हिशेबाने १.२६ पट जोर देत होता. आणि हा जोर द्यायला पाऊल जमिनीवर असतं जेमतेम एक दशांश सेकंद.

इतक्या कमी वेळात जोर लावायचा सराव दोरीमुळे होत असेल, हे मी नाकारत नाही. पण ते सिद्ध करायचं तर दोन गट हवेत, एक दोरीचा आणि एक बिनदोरीचा. काही आठवडे सराव, आणि शेवटी दोघांचीही चाचणी दोरीशिवाय. ओढ चालू असतानाचा वेग पुरावा म्हणून दाखवला, तर आपण दोरीच मोजतोय! १०० मीटरच्या शर्यतीत पाठचा वारा सेकंदाला २ मीटरपेक्षा जास्त असेल तर विक्रम धरत नाहीत, तो याच कारणाने.

शिवाय ओढीत पाऊल शरीराच्या फार पुढे पडायला लागतं. तिथे ब्रेक लागतो, आणि मांडीच्या मागच्या स्नायूवर ताण येतो. तयारीच्या धावपटूला थोडी ओढ कदाचित झेपेल. शाळकरी मुलांवर हा प्रयोग कशाला? त्यांना आधी ताकद आणि विश्रांती घेऊन पूर्ण वेगाने धावणं पुरेसं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी असा व्हिडिओ दाखवला, तर एवढंच विचारा: दोरी सोडल्यावर वेळ किती आली?