शनिवार-रविवारची लोकप्रिय गीते : एक विचार

१

वाराचे नाव ज्यात येते ते गीत आणि वार हाच ज्याचा विषय असतो ते गीत, असे दोन प्रकार प्रथम वेगळे करावयास हवेत. पहिल्या प्रकारची गीते मराठीत विपुल आहेत. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा म्हणून गायिला जातो. तेथे वार हा देवतेचे केवळ विशेषण असतो. दुसऱ्या प्रकारची गीते थोडी आहेत, आणि ती विशेषतः शनिवार व रविवार ह्या दोन वारांभोवती जमलेली दिसतात. शनिवार हा धाकाचा वार आणि रविवार हा आवडीचा वार, अशी वाटणी सर्वांच्या अंगवळणी पडली आहे. ह्या वाटणीमागे काय आहे, आणि वाराचे कौतुक करणाऱ्या गीताला त्या वाराचे मोल कितपत कळलेले असते, हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

ह्या दोन वारांची सुट्टीची जोडी अर्वाचीन आहे. महाराष्ट्र शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा २९ फेब्रुवारी २०२० पासून लागू झाला. शाळकरी मुलांच्या कित्येक पिढ्यांना शनिवार ठाऊक आहे तो सकाळच्या शाळेचा वार म्हणून. परंतु त्यांचे नाते मात्र पुरातन आहे. पुराणांत शनी हा सूर्याचा पुत्र मानला आहे. ज्योतिषाच्या होरागणनेत ग्रहांचा क्रम मंदगतीकडून शीघ्रगतीकडे जातो. सर्वांत मंद जो शनी त्याच्या होरेने सुरू झालेला दिवस चोवीस होरांनी संपला, की पंचविसावी होरा रवीची येते. म्हणून शनिवारानंतर रविवार. एका अर्थी आठवड्याची अखेर ही पितापुत्रांची भेट आहे, आणि ह्या पितापुत्रांत सख्य नाही असे पुराणकथा सांगते. मराठी गीतांतही ते फारसे आढळत नाही.

योगायोग असा की, ह्या दोन्ही वारांच्या गीतांचे धागे एकाच जिल्ह्यात येऊन मिळतात. २०२४ साली ज्याचे अहिल्यानगर असे नामांतर झाले त्या अहमदनगर जिल्ह्याच्या नेवासे तालुक्यात शनिशिंगणापूर आहे. आणि त्याच जिल्ह्यातील पुणतांबे येथे १९१८ साली रामचंद्र नरहर चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र, जन्मले. रविवारचे सर्वांत गाजलेले चित्रपटगीत त्यांनी स्वरबद्ध केले.

२

शिंगणापूरच्या शनीला देऊळ नाही. उघड्या चौथऱ्यावर उभी काळी शिळा, तिच्यावर होणारा तैलाभिषेक, आणि गावातील घरांना चौकट असूनही दारे नसणे, ह्या तीन गोष्टी त्या स्थानाची ओळख झाल्या आहेत. दर शनिवारी, आणि विशेषतः शनी अमावास्येला, तेथे मोठी गर्दी लोटते. हे स्थान महाराष्ट्राबाहेर सर्वतोमुखी होण्यास ध्वनिफिती आणि चित्रपट ह्यांचा हातभार मोठा होता. गुलशन कुमार ह्यांच्या टी-सीरीज संस्थेचा 'सूर्यपुत्र शनिदेव' हा विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकातला चित्रपट ह्या संदर्भात नेहमी सांगितला जातो.

ह्या परंपरेतील मराठी व हिंदी गीतांची घडण पाहिली, तर तिच्यात एक ठरीव क्रम आढळतो. प्रथम संबोधन, मग शिंगणापूरचे नाव, मग शिळा, तेल व दारे नसलेली घरे ह्यांचे वर्णन, आणि शेवटी साडेसाती दूर करण्याची विनवणी. ध्रुपद बहुधा देवाच्या नावाच्या आवृत्तीवर उभे असते. ही आवृत्ती कित्येकदा परिणामकारक ठरते, कारण वार स्वतःच दर आठवड्याला परत येतो आणि ध्रुपद त्या परतण्याचे अनुकरण करते. तरीही ह्या गीतांतील शनिवार रिकामा वाटतो. त्यात येणारा भक्त कोण, तो कोणते सहा दिवस मागे टाकून आला, त्याची पीडा कोणत्या जातीची, ह्यांपैकी कशाचाच पत्ता लागत नाही. 'साडेसाती' हा शब्द सर्व दुःखांच्या जागी उभा केला जातो, आणि त्यामुळे एकही दुःख दिसत नाही.

आणखी एक गोष्ट ह्या गीतांच्या दृष्टिआड राहिली आहे. यात्रेकरूचा शनिवार हा शिंगणापूरच्या रहिवाशाचा सर्वांत कष्टाचा दिवस असतो. तेल व पूजासाहित्य विकणारे, वाहने हाकणारे, चौथऱ्याची झाडलोट करणारे, रांगा आवरणारे, ह्या सर्वांचा विसावा इतरत्र कोठेतरी, एखाद्या अनाम वारी असतो. दारे नसलेल्या घरांचा चमत्कार गाणारे गीत त्या घरातल्या माणसाच्या दिनक्रमापाशी थांबत नाही.

३

ही उणीव परंपरेकडून आलेली नाही, हे मुद्दाम सांगावयास हवे. शनिवारी घरोघर वाचली जाणारी, तात्याजी महिपती ह्यांच्या नावावर असलेली 'शनिमाहात्म्य' ही ओवीबद्ध पोथी ह्या बाबतीत कितीतरी अधिक समृद्ध आहे. विक्रमादित्याच्या सभेत पंडित एकेका ग्रहाचे माहात्म्य सांगतात. जन्मताच ज्याच्या दृष्टीने पित्याला कुष्ठ झाले, सारथी पांगळा झाला आणि घोडे आंधळे झाले, त्या शनीची कथा ऐकून राजा हसतो. ह्या हसण्याचे फळ म्हणून त्याला साडेसात वर्षे भोगावी लागतात. घोड्यांच्या सौदागराच्या वेषात आलेला शनी त्याला राज्यातून दूर नेतो. तामलिंदा नगरीत त्याच्यावर हार चोरल्याचा आळ येतो. त्याचे हातपाय तोडले जातात. आणि अखेर उज्जयिनीची माहेरवाशीण असलेली एक तेलीण त्याला ओळखते व घरच्या घाण्यावर आणून बसवते.

येथे पोथीतील सर्वांत अर्थपूर्ण प्रसंग येतो. घाण्यावर बसून बैल हाकता हाकता विक्रम गाऊ लागतो. तो दीपक राग आळवतो आणि नगरातील दिवे आपोआप पेटतात. ते गाणे राजकन्या पद्मसेनेच्या कानी पडते, आणि तेथून त्याच्या दैवाचे चक्र उलटे फिरू लागते. शनीच्या कथेत गीताला मिळालेले हे स्थान लक्षणीय आहे. हे गाणे स्तुतीचे नाही आणि याचनेचेही नाही. जो राजा इतरांच्या श्रमावर जगला तो स्वतः घाण्याला बांधला गेल्यावर त्याच्या कंठातून ते आले आहे. घाण्याचे वर्तुळ, बैलाची मंद गती आणि शनैश्चर म्हणजे हळूहळू चालणारा ह्या नावाचा अर्थ, ह्यांचा येथे मेळ बसतो. शिळेवर वाहिले जाणारे तेल कोणीतरी घाण्यावर गाळलेले असते, ही जाणीव पोथीच्या कथेत गुंफलेली आहे. ध्वनिफितीवरील गीतात तेल फक्त ओतले जाते.

पोथीचा शेवटही विचार करण्यासारखा आहे. शनी प्रसन्न झाल्यावर विक्रम मागणे मागतो ते स्वतःसाठी नव्हे. आपल्याला झाली तशी पीडा दुसऱ्या कोणाला होऊ नये, असे तो म्हणतो. शनिवारच्या गीताला जो नैतिक शिखरबिंदू सहज लाभला असता, तो आजच्या बहुसंख्य गीतांनी गमावला आहे. त्यांची विनवणी गाणाऱ्यापुरती उरली आहे.

४

रविवारकडे वळले असता हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा राहतो. महाराष्ट्रात रविवार हा मूळचा खंडोबाचा वार. वाघ्या-मुरळीच्या गाण्यांत तो भंडाऱ्यासह येतो. तो विसाव्याचा वार झाला त्याचा इतिहास मात्र गिरणगावाचा आहे. नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना बांधली, साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली, आणि जून १८९० मध्ये रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. रविवार हा खंडोबाचा वार आहे, ही गोष्टही ह्या मागणीच्या समर्थनार्थ मांडली गेली. अर्थात मुंबईच्या गिरणी कामगाराचा रविवार लढून मिळवलेला आहे.

ह्यानंतर सत्तावन्न वर्षांनी, १९४७ साली, 'शहनाई' हा चित्रपट आला. प्यारेलाल संतोषी ह्यांनी लिहिलेले, सी. रामचंद्र ह्यांनी स्वरबद्ध केलेले आणि 'संडे के संडे' म्हणून ओळखले जाणारे त्यातील गीत मीना कपूर, शमशाद बेगम व स्वतः चितळकर ह्यांनी गायिले. पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धनांकडे शिकलेल्या ह्या संगीतकाराने येथे पाश्चात्त्य ठेका इतक्या सहजपणे वापरला आहे की, गीत ऐकताना पावले आपोआप हलतात. वाराच्या इंग्रजी नावाची द्विरुक्ती, तिला कोंबडीच्या अंड्यांशी जुळवलेले खट्याळ यमक, आणि दर आठवड्याचे निमंत्रण हे ध्रुपदाचेच रूप, ही त्याची बलस्थाने होत. पुरुष पॅरिस व लंडन दाखविण्याचे, खाण्यापिण्याचे आमिष दाखवितो आणि स्त्री त्याला उडवून लावते. ह्या नकारामुळे गीताला संवादाची धार येते, आणि साहेबी डौलाची थट्टाही आपसूक साधते.

ही थट्टा हेच गीताचे खरे सामर्थ्य आहे. तथापि रविवार येथे हवेतून आलेला आहे. निमंत्रण देणारा सोमवार ते शनिवार काय करतो हे गीत सांगत नाही, आणि ते सांगावे असे त्याला वाटतही नाही. ज्या मुंबईत हा चित्रपट झाला त्याच मुंबईत रविवारची सुट्टी लढून मिळवावी लागली होती. गीतातल्या रविवारवर त्या लढ्याची सावलीसुद्धा पडत नाही. अशा रीतीने धाकाचा शनिवार आणि मौजेचा रविवार, वरवर परस्परविरुद्ध असूनही, एका बाबतीत सारखे ठरतात. दोहोंतून आठवड्याचे उरलेले दिवस गळून पडले आहेत.

५

ह्या पार्श्वभूमीवर मंगेश पाडगावकर ह्यांचे 'सांग सांग भोलानाथ' हे बालगीत वेगळे उठून दिसते. नंदीबैलाला प्रश्न विचारण्याची जुनी रीत घेऊन त्यातील मूल आपल्या शंका पुढे करते. पाऊस पडून शाळेला सुट्टी मिळेल का, आणि आठवड्यात रविवार तीनदा येतील का, ह्या त्यांतल्या प्रमुख शंका. येथे रविवार गायिला जातो तो त्याच्या दुर्मिळतेमुळे. तीन रविवार मागणारे मूल उरलेल्या दिवसांचे ओझे एका प्रश्नात मांडते. शाळेचे नाव येते आणि तिचा जाचही येतो. नंदीबैल मान हलवितो ती मालकाच्या खुणेनुसार, हे ऐकणाऱ्या मोठ्या माणसाला ठाऊक असते, म्हणून त्या प्रश्नाला किंचित करुण छटा लाभते. विनोद आणि अभाव एकाच ओळीत नांदण्याचा हा गुण चित्रपटगीतात किंवा भक्तिगीतात क्वचित साधतो.

दुसरे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर ह्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यांतून लाखावर ओव्या संगृहीत झाल्या. ह्या परंपरेत शनिवार येतो तो मारुतीचा वार म्हणून, आणि गाणारी त्या वारीही पहाटे उठून दळतच असते. तेथे वाराची स्तुती आणि हाताचे काम ह्यांत फट नाही. ओवीची लय जात्याच्या फेऱ्याने ठरते. श्रमाचा उल्लेख शब्दांत नसला तरी तो छंदात उतरतो. पोथीतला घाणा आणि ओवीतले जाते ही ह्या दृष्टीने सख्खी भावंडे आहेत.

६

ह्यावर एक आक्षेप संभवतो. भक्तिगीताचे प्रयोजन दिलासा, चित्रपटगीताचे प्रयोजन करमणूक. त्यांच्याकडून श्रमाच्या इतिहासाची अपेक्षा धरणे हा अन्याय नव्हे काय? गीताने इतिहास सांगावा अशी मागणी कोणी केल्यास हा आक्षेप खराच ठरेल. पण येथे मागणी तेवढी नाही. ज्याला दिलासा द्यावयाचा त्याचे दुःख गीतात दिसावे, आणि ज्याला विसावा मिळाला तो थकलेला होता हे जाणवावे, एवढीच अपेक्षा आहे. पाडगावकरांच्या मुलाच्या एका प्रश्नाने ती पुरी होते, आणि विक्रमाच्या दीपक रागानेही होते. त्यासाठी व्याख्यानाची गरज पडत नाही.

लोकप्रिय गीतांना अभ्यासाचा विषय मानण्याबद्दल विद्यापीठीय वर्तुळात संकोच दिसतो. तो सोडून द्यावयास हवा. मात्र तो सोडताना लोकप्रियता हाच गुण मानण्याची चूकही टाळली पाहिजे. वाराच्या गीताची कसोटी ही की, त्यात इतर सहा वार ऐकू येतात की नाही. ह्या कसोटीला 'संडे के संडे' अर्धे उतरते, कारण त्यातील नकाराने एक जिवंत व्यक्ती उभी राहते. शनिभक्तीची बरीचशी ध्वनिमुद्रित गीते उतरत नाहीत. ज्यांना त्यांहून सरस शनिवारगीत रचावयाचे आहे त्यांच्यासाठी सामग्री दूर नाही. ती दर शनिवारी वाचल्या जाणाऱ्या पोथीत आहे, आणि चौथऱ्याबाहेर दिवसभर तेल विकत उभ्या असलेल्या माणसापाशीही आहे.